जिथे जू बसतं

माहूरला दत्तशिखर चढून आलेल्या कुणालाही विचारा, दत्तगुरूंनी किती गुरू केले? उत्तर तयार असतं: चोवीस. नावं विचारली की पृथ्वी, आकाश, मधमाशी इथवर गाडी येते आणि अडखळते. कुणाकडून काय शिकले, हे विचारलं तर बहुतेक जण हसून हात जोडतात. आकडा पाठ आहे, हिशेब विसरला गेला आहे. खरं तर सगळं मोल त्या हिशेबातच आहे.

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सागवानी डोंगरांत माहूर आहे. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ इथल्या रेणुकेचं. शेजारच्या डोंगरावर दत्तशिखर, त्यापुढे अनसूयेचं ठाणं. दत्तात्रेयांचा दिनक्रम परंपरा मोठ्या प्रेमानं सांगते: स्नान काशीला, भिक्षा कोल्हापुरात आणि निद्रेला माहूर. म्हणजे हा देव रोज मागून खाणारा आहे. आजचा घास कुणाच्या दारातून आला, हे मागून खाणाऱ्याला कधी विसरता येत नाही.

चोवीस गुरूंची कथा भागवताच्या अकराव्या स्कंधात येते. एकनाथांनी याच स्कंधावर मराठीत विस्तारानं टीका लिहिली आणि 1573 साली काशीत ती पूर्ण केली. कथेत यदुराजा एका अवधूताला भेटतो. हा अवधूत म्हणजेच दत्तात्रेय, असं आपली परंपरा मानते. त्याच्याजवळ घर नाही, धन नाही, माणसं नाहीत, आणि चेहऱ्यावर मात्र आनंद मावत नाही. राजा विचारतो, सगळं जग लोभाच्या वणव्यात होरपळत असताना तुला झळ कशी लागत नाही? तुझ्या आनंदाचं कारण काय?

हा प्रश्न थेट सुखाचा आहे. मनःस्वास्थ्यावरच्या आजच्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर असतो तोच. अवधूताचं उत्तर मात्र अनपेक्षित आहे. तो तप सांगत नाही, मंत्र सांगत नाही. आपण कुणाकुणाचे शिष्य आहोत याची यादी तो सांगू लागतो, आणि प्रत्येक नावापुढे काय मिळालं ते सांगतो. पृथ्वी तुडवली, खणली तरी आपला धर्म सोडत नाही, म्हणून ती गुरू. समुद्र पावसाळ्यात नद्या येऊन मिळाल्या म्हणून फुगत नाही आणि उन्हाळ्यात आटत नाही, म्हणून तो गुरू. बाण घडवणारा कारागीर कामात इतका बुडालेला की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नाही, म्हणून तोही गुरू. विदेहनगरीची पिंगला नावाची वेश्या गिऱ्हाइकाची वाट पाहून पाहून अखेर आशा सोडते आणि शांत झोपते. तिचंही नाव यादीत आहे, आणि ते घेताना अवधूताची जीभ अडखळत नाही. दिव्यावर झेप घेणारा पतंग, गळाला लागलेला मासा, पिलांच्या मोहापायी जाळ्यात शिरलेलं कबुतर यांनी तर फक्त चुका केल्या. त्यांचंही देणं तो मान्य करतो. शेवटी स्वतःच्या देहालाही तो गुरू म्हणतो.

या यादीतली मला सर्वांत जवळची वाटते ती कुमारी. घरची मोठी माणसं बाहेर गेलेली, आणि नेमके त्याच वेळी तिला मागणी घालायला पाहुणे येतात. त्यांना जेवू घालायचं तर घरात कांडलेले तांदूळ नाहीत. ती आत जाऊन साळी कांडायला बसते. मुसळाच्या प्रत्येक घावासरशी हातातल्या बांगड्या किणकिणतात. बाहेर ऐकू गेलं तर घरात आयते तांदूळ नाहीत हे पाहुण्यांना कळेल, या लाजेनं ती एकेक बांगडी उतरवते. दोन्ही हातांत दोन-दोन राहतात, तरी आवाज होतोच. मग एकेकच ठेवते, आणि कांडण मुकाट्यानं पार पडतं. अवधूत त्यातून एकान्ताचा धडा घेतो: दोघं जमले की बोलणं होतं, अनेक जमले की भांडण. धडा आपल्या जागी आहे. मला भावते ती दुसरीच गोष्ट. त्या मुलीला आयुष्यभर कळलं नसेल की आपण कुणाच्या गुरू झालो. तिला पाहुण्यांपुढे घराची अब्रू सांभाळायची होती, एवढंच. आपल्यावर ज्यांचे उपकार असतात त्यांतल्या बहुतेकांना त्याची गंधवार्ताही नसते. ती कळवणं आपल्याच हातात असतं.

आता अवधूताच्या पद्धतीकडे पाहा. ‘सगळ्या सृष्टीचा मी ऋणी आहे’ असं एक गोल वाक्य टाकून तो मोकळा होत नाही. कोण, आणि त्याच्याकडून काय, या दोन गोष्टी तो चोवीस वेळा सांगतो. कृतज्ञतेचा माणसाच्या मनाला उपयोग होतो तो याच नेमकेपणामुळे, असं माझं ठाम मत आहे. आणि गेल्या वीस-बावीस वर्षांतलं संशोधनही बरंचसं त्याच दिशेला बोट दाखवतं.

2003 साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटानं आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या. दुसऱ्यानं डोक्याला ताप देणाऱ्या गोष्टी लिहायच्या. तिसऱ्यानं नुसत्या घडलेल्या घटना. दहा आठवडे हे चाललं. पहिल्या गटातल्यांना आपलं आयुष्य एकूण बरं चाललंय असं जास्त वाटू लागलं, येणाऱ्या आठवड्याबद्दल त्यांना जास्त आशा वाटत होती, आणि व्यायामही ते दुसऱ्या गटापेक्षा जास्त करत होते. याच संशोधनाच्या तिसऱ्या भागात स्नायू आणि मज्जातंतूंचा आजार असलेल्या रुग्णांनी 21 दिवस रोज असं लेखन केलं. त्यांची झोप सुधारली. आजार आपल्या जागीच होता, पण रात्र थोडी सुसह्य झाली. हे मला त्या विद्यार्थ्यांच्या निष्कर्षांहून महत्त्वाचं वाटतं. पुढे एमन्स सातत्यानं सांगत आले आहेत की भाराभर गोष्टींची वरवर नोंद करण्यापेक्षा एकाच गोष्टीत खोल उतरावं.

रोज लिहावं की अधूनमधून? सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका गटाला आठवड्यातून तीनदा आणि दुसऱ्याला एकदाच लिहायला लावलं. सहा आठवड्यांनी समाधान वाढलेलं दिसलं ते एकदाच लिहिणाऱ्यांचं. रोजच्या रोज तेच ते लिहिलं की मन सरावतं, आणि मनापासूनचं लेखन निव्वळ सोपस्कार होऊन बसतं. आपल्या सणांची आखणी करणाऱ्यांना हे कुठल्या प्रयोगाविना उमगलं असावं. बैलांचा सण वर्षातून एकदाच येतो.

पोळा हा या साऱ्या विषयातला माझ्या मते सर्वांत मोठा धडा आहे. त्यातही पोळ्याचा दिवस नाही, तर त्याची आदली संध्याकाळ. मराठवाड्यात पोळा श्रावणी अमावस्येला. आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलांना ओढ्यावर नेऊन धुतात आणि संध्याकाळी हळद-तुपानं त्यांचे खांदे चोळतात. उद्या जेवायला या, असं रीतसर आवतणं देतात. झुली, बाशिंगं, शिंगांचे रंग, तोरणाखालची मिरवणूक हे सगळं दुसऱ्या दिवशीचं. खांदेमळणीला बघ्यांची गर्दी नसते. गडी किंवा घरधनी गोठ्यात बैलाच्या अंगाला अंग लावून उभा असतो, आणि त्याचा तळवा वशिंडापुढच्या त्या घट्ट झालेल्या कातड्यावरून फिरत असतो. केस झडून तिथे घट्टा पडलेला असतो. कधी सोललेलं असतं, तिथे हात हलका होतो, बैल कातडी थरथरवतो. वर्षभर जू बसलं ते याच जागेवर. पाठ, शेपूट, कपाळ सोडून हात तिथेच जातो. भार कुठे पडला हे ज्याला माहीत आहे त्याचेच आभार पोचतात, हे इतकं उघड करून सांगणारा दुसरा विधी मला ठाऊक नाही.

माणसांच्या बाबतीत ती जागा शोधावी लागते. बायकोनं घरासाठी किती केलं, असं म्हणणं म्हणजे बैलाच्या पाठीवर थाप मारणं झालं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा तिनं चालू नोकरी सोडली आणि पुन्हा कधी त्या नोकरीचं नावही काढलं नाही, हे ओळखणं आणि तिच्यासमोर बोलणं म्हणजे खांदेमळणी.

मार्गशीर्ष पौर्णिमेला माहूरगडावर दत्तजयंतीची गर्दी लोटते. त्यानंतर पंधरवड्यानं, अमावस्येला, लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या बऱ्याच भागांत वेळा अमावस्या येते. गावात तिला येळवस म्हणतात. बाहेरच्या महाराष्ट्राला हा सण फारसा ठाऊक नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. शहरातल्या बाजारपेठा ओस पडतात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं, कारण सगळं लातूर शिवारात असतं. ज्याचं शेत नाही तो ज्याचं आहे त्याच्याकडे जातो. आवतणं नसलं तरी चालतं. वाटेवरच्या अनोळखी माणसालाही हाका मारून जेवायला बसवतात.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात. आत पाच दगड रंगवून पांडव म्हणून मांडतात. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील माठातून डोक्यावर नेतात. भज्जी असते. ती तळणीची भजी नव्हे. तूर, वाटाणा, हरभऱ्याचे सोले, पालेभाज्या आणि शिवारात त्या वेळी जे जे हिरवं असेल ते चिंचेच्या कोळात आणि बेसनात एकत्र शिजवलेलं असतं. जोडीला बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. पूजा झाली की आंबील उभ्या पिकावर शिंपडत शेताला फेरी घालतात. हे पीक हाती आल्यानंतरचं आभारप्रदर्शन नाही, हे लक्षात घ्या. ज्वारी अजून काढणीला यायची आहे, हरभरा घाट्यात आहे. गारपीट होऊ शकते, भाव पडू शकतो. सगळं अनिश्चित असताना, हाती काही पडण्याआधी, जमिनीला तिच्यातलंच पहिलं अन्न देऊन माणसं तिच्या मांडीवर जेवायला बसतात. कोरडवाहू मुलखात हे धाडस आहे. माहूर-किनवटच्या डोंगरांतले गोंडही नवं धान्य आधी देवाला दिल्याशिवाय तोंडात घालत नाहीत.

पण एक गोष्ट खटकते. ती इथे बोललीच पाहिजे. भूमीचे आभार मानले, बैलाचे मानले, पांडवांना नैवेद्य दाखवला. त्या आदल्या मध्यरात्री उठून चुलीपुढे बसलेल्या बायांचं काय? शे-दीडशे माणसांची भज्जी आपोआप होत नाही. आणि वर्षभर निंदणी-खुरपणी करणाऱ्या, कापूस वेचताना वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी ज्यांची नखांमागची कातडी सोलून निघते त्या रोजंदारीच्या बायांसाठी आपल्या पंचांगात एकही दिवस का नाही? देवाला आणि जनावराला कृतज्ञता देणं सोपं असतं. ते मजुरी वाढवून मागत नाहीत. माणसाचं देणं मान्य केलं की त्याचा हक्कही मान्य करावा लागतो. म्हणून मला वाटतं, कृतज्ञतेची खरी परीक्षा बैलाच्या खांद्यापाशी होत नाही. ती संध्याकाळी वेचणीचा कापूस तोलून मजुरी हातावर ठेवतो त्या वेळी होते.

इथेच एक धोकाही सांगायला हवा, कारण या विषयावरची बरीचशी पुस्तकं त्याला बगल देतात. ‘आहे त्यात समाधान मान’, ‘आम्ही होतो म्हणून तू जगलास’ ही वाक्यं आपल्याकडे शतकानुशतकं वरून खाली बोलली गेली आहेत: मालकानं सालगड्याला, सासरनं सुनेला, गावानं गावकुसाबाहेरच्या वस्तीला. यात मागितली जाते ती कृतज्ञता नव्हे, ते मिंधेपण आहे. मिंधा माणूस मान खाली घालतो, कृतज्ञ माणसाची मान ताठ असते. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतल्या आपल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीच सीमारेषा आखली होती. ज्यांनी देशासाठी आयुष्य वेचलं अशा थोरांबद्दल कृतज्ञ राहण्यात काहीच गैर नाही, पण त्यालाही मर्यादा आहेत, असं सांगून त्यांनी आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांचा दाखला दिला होता. आपला सन्मान, आपलं शील, आपलं स्वातंत्र्य यांच्या मोबदल्यात कुणीही कुणाचा कृतज्ञ राहू शकत नाही, असा त्याचा आशय. घरात मार खाणाऱ्या बाईला कुणी कृतज्ञतेची वही लिहायला सांगत असेल तर ती वही फेकून द्यावी. तिला गरज आहे ती सुटकेची.

दुखणाऱ्या मनाबद्दलही तेच. 2021 मध्ये डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चीव्हन्स यांनी कृतज्ञतेच्या सरावावरच्या 27 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. नैराश्य आणि चिंतेवर कृतज्ञतेच्या सरावाचा परिणाम होतो, पण तो लहान असतो, आणि या दुखण्यांवरचा उपचार म्हणून केवळ त्यावर विसंबू नये, असा त्यांचा निष्कर्ष होता. सलग दोन वर्षं पीक बुडालेल्या आणि सावकाराचा तगादा लागलेल्या माणसाला चांगल्या गोष्टी मोजायला सांगणं ही क्रूरता होईल. त्याला कर्जातून वाट हवी असते, आणि झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं तर डॉक्टर हवा असतो. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक 2022 पासून चालू आहे. त्यावर मराठीतही बोलता येतं. तो घरातल्या मोठ्यांच्या मोबाइलमध्ये साठवून ठेवावा.

मग हा सराव कुणासाठी? ज्याचं बरं चाललंय आणि तरीही ज्याला ते जाणवत नाही त्याच्यासाठी. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांसाठी.

मिळालेल्या सुखाला मन फार लवकर सरावतं. 2016 चा उन्हाळा लातूरकर विसरलेले नाहीत, पण त्या वेळची तहान अंगातून गेली आहे. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास रेल्वेनं पाणी आणलं गेलं. 12 एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. त्या वाघिणी राजस्थानातल्या कोटा इथल्या रेल्वे कारखान्यात आतून वाफेनं धुऊन पिण्याच्या पाण्याजोग्या केल्या होत्या. त्या टाक्यांत उतरलेल्या कामगारांची नावं लातुरात कुणाला माहीत नाहीत, आणि आपण लातूरला पाणी पाजलं हे त्यांच्या घरी कुणी सांगितलं असेल की नाही, देव जाणे. कांडणाऱ्या कुमारीसारखेच तेही एका शहराचे गुरू होऊन गेले.

त्या उन्हाळ्यात घागरीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या घरांत आज नळ सोडून दात घासले जातात. यात कुणी वाईट नाही, मन असंच चालतं. पण या सरावलेपणावर एक उतारा सापडला आहे. मिंक्युंग कू, सारा अल्गो, टिमथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2008 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विवाहित किंवा प्रेमात असलेल्या माणसांना त्यांनी लिहायला सांगितलं की तुमचा जोडीदार तुम्हाला कसा भेटला. काहींना सांगितलं, तो कसा कधीच भेटला नसता ते लिहा. दुसऱ्या गटाचं समाधान जास्त वाढलं. आहे ते मोजण्यापेक्षा, ते नसतं तर काय झालं असतं हे मनात रंगवलं की त्याची किंमत लख्ख दिसते. नळाखाली हात धरताना मिरज स्थानकावर भरली जाणारी वाघीण क्षणभर आठवली तर तेवढं पुरे. हे रोज करू नये. अधूनमधून केलं की त्यात जीव राहतो.

दुसरी एक सवय मला माहूरच्या तांबुलानं लावली. रेणुकेच्या दर्शनानंतर हातावर पडतो तो अख्खा विडा नसतो. विड्याची पानं, सुपारी, कात, चुना, बडीशेप, लवंग, वेलदोडा असं सगळं एकत्र कुटलेला तो हिरवट-तांबडा लगदा असतो. जीभ आधी थंड पडते, मग चुरचुरते. कुटलेला असल्यामुळे बोळक्या तोंडाच्या आजीलाही तो खाता येतो आणि तान्ह्याच्या ओठाला बोट लावता येतं. कुणाला दात आहेत, कुणाला नाहीत, याचा विचार त्या प्रसादात आधीच झालेला आहे. तो तोंडात घोळवताना एकेक जिन्नस मागे मागे नेत जावा. पानमळ्यात सावलीला ओणवं होऊन पानं खुडणारा माणूस. खैराचा गाभा तासून, उकळून कात काढणारा. भट्टीत चुनखडी भाजणारा. दक्षिणेच्या डोंगरात वेलदोड्याचे घड तोडणाऱ्या बाया. मग गोणी उचलणारे, ट्रक हाकणारे आणि शेवटी खलबत्त्यापाशी बसलेले हात. ए. जे. जेकब्स या अमेरिकी लेखकानं आपल्या सकाळच्या कॉफीच्या पेल्यामागे असलेल्या माणसांना प्रत्यक्ष गाठून धन्यवाद द्यायचं ठरवलं. यादी हजाराच्या घरात गेली, आणि 2018 साली त्यावर त्याचं पुस्तक आलं. आपल्याला इतकं फिरायची गरज नाही. रोजच्या ताटातली एकच वस्तू, समजा भाकरी, निवडावी आणि ती जिथून आली तिथपर्यंत मनानं जाऊन यावं. पहिल्या दिवशी दोन-तीन माणसं दिसतात. काही आठवड्यांनी ती भाकरी उचलताना मन आपसूक शिवाराकडे वळतं.

पण मनात मानलेले आभार हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं ते त्या माणसापर्यंत पोचवण्याचं, आणि तिथे आपली पावलं अडतात. घरच्यांना धन्यवाद म्हणणं आपल्याला परकेपणाचं वाटतं. आईचे आभार मानले तर ती चमकून बघेल, ‘बरं आहे ना तुझं?’ असं विचारेल. हा संकोच खोटा नाही. आपल्या रीतीत कृतज्ञता बोलून दाखवण्यापेक्षा करून दाखवायची असते: सणाला साडी, आजारपणात उशापाशी बसणं, पहिल्या पगाराचे पेढे. ते सगळं राहावंच. तरीही न बोलल्यामुळे काय निसटतं याचा अंदाज एका प्रयोगातून येतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली आणि ती मिळाल्यावर समोरच्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. मग पत्र मिळालेल्यांनाही विचारलं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेले निकाल असे, की समोरच्याला किती आनंद होईल हे लिहिणाऱ्यांनी फार कमी धरलं होतं, आणि किती अवघडल्यासारखं होईल हे फार जास्त. आपली भाषा बरी नाही, शब्द सापडत नाहीत, ही लिहिणाऱ्यांची मोठी चिंता. वाचणाऱ्यांचं भाषेकडे तेवढं लक्ष नव्हतं. त्यांना भिडला तो जिव्हाळा.

मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये पडताळलेल्या अनेक सरावांत लगेचचा सर्वांत मोठा परिणाम दिसला तो अशाच एका कामाचा: ज्याचे आभार नीट मानायचे राहून गेले त्याला आठवडाभरात पत्र लिहून ते स्वतः नेऊन द्यायचं. महिन्यानंतरही फरक टिकून होता, तीन महिन्यांपर्यंत तो ओसरला. म्हणजे एका पत्रावर आयुष्य काढता येत नाही. ते पुन्हा लिहावं लागतं, दुसऱ्या कुणाला.

माहूरला मातृतीर्थ आहे. परशुरामानं रेणुकेचे अंत्यविधी इथे केले, अशी श्रद्धा आहे. आईसाठी मागे राहिलेलं काही करावं म्हणून माणसं आजही तिथे येतात. त्या काठावर उभ्या असलेल्या कुणाचंही मन हलकं होत असेल तर त्याहून चांगलं काय? पण ज्यांची आई, ज्यांचे मास्तर, ज्यांना पहिली नोकरी लावून देणारा माणूस अजून हयात आहे, त्यांनी तीर्थापर्यंत थांबू नये.

पत्र लांबलचक नको. ‘तुमचे फार उपकार आहेत’ एवढ्यावर थांबलेलंही नको. अवधूतानं यदूला सांगितलं तसं लिहावं: तुम्ही अमुक वर्षी अमुक केलंत, त्या वेळी तुमचीही ओढाताण चालू होती हे मला नंतर कळलं, आणि त्याचं माझ्या आयुष्यात पुढे हे असं झालं. दहावीला परीक्षेची फी भरली असेल तर ती किती होती तेही लिहावं. अशा आकड्यांनी माणसाचे डोळे भरून येतात. आणि पोस्टानं पाठवण्यापेक्षा स्वतः जाऊन वाचून दाखवावं. अगदीच जमणार नसेल, तर रविवारी दुपारी, त्यांची झोप झाल्यावर फोन लावावा.